उसना जोडीदार

दोघांची नजर एकाच रिकाम्या खुर्चीवर होती, आणि पहिली ओळख झाली ती धडकेनंच.

"सॉरी, सॉरी... तुम्ही बसा."

"नको, तुम्हीच बसा," ती कपाळ चोळत म्हणाली. "तुमचे पाय जास्त थरथरताहेत."

तो ओशाळून हसला. परीक्षा केंद्राच्या त्या अरुंद व्हरांड्यात सगळेच उमेदवार भिंतीकडे बघत नव्या भाषेतली वाक्यं पुटपुटत होते. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. मोठ्या रुग्णालयात तिला वरची जागा मिळणार होती, पण तिथले निम्मे रुग्ण ही दुसरी भाषा बोलत. तोंडी परीक्षा पास झाली तरच जागा.

परीक्षा जोडीनं द्यायची असते. परीक्षक नुसते ऐकतात आणि दोन उमेदवारांनी एकमेकांशी बोलायचं असतं. दार उघडलं, दोन क्रमांक पुकारले गेले, आणि जोडी लागली ती नेमकी त्या थरथरत्या पायांशी!

विषय निघाला - दोघांना एका रिकाम्या घरात राहायला जायचंय, तर आधी काय काय घ्याल?

"आधी... ते..." तो नव्या भाषेत चाचपडू लागला. "वर असतं... उजेड देतं..."

"दिवा?"

"हां! दिवा. मग... पाणी ठेवतो, ते..."

"माठ?"

शब्द पुरवता पुरवता तिचा स्वतःचा वेळ भराभर संपत होता. ते तिला कळत होतं, पण त्याचा घामेजलेला चेहरा बघून गप्प बसवत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आणि... खुर्च्या. दोन. एक... पुरत नाही. आज कळलं."

ती परीक्षकांना विसरून खळखळून हसली.

पायऱ्या उतरताना मात्र तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळे तुम्ही नापास होणार," ती आपल्या भाषेत म्हणाली. "मीच बोलत सुटले. तुम्हाला तोंड उघडू दिलं नाही."

"छे हो, तसं काही..." तो काहीतरी सांगणार होता. त्यानं मागे केंद्राच्या दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"रविवारी सकाळी वाचनालयात या. पुढच्या खेपेची तयारी मी करून घेते."

"तुम्ही? मला?"

"का, लाज वाटते?"

त्यानं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो."

आणि तो आला, रविवारमागून रविवार. वही घेऊन, भांग पाडून, अगदी गुणी मुलासारखा. तिला 'बाई' म्हणायचा.

"बाई, हा शब्द काही केल्या डोक्यात शिरत नाही."

"डोकं जागेवर असलं तर शिरेल ना! तिकडे खिडकीबाहेर काय बघताय?"

"खिडकीबाहेर कुठे बघतोय मी?" तो शांतपणे म्हणाला, आणि बाईंच्याच हातातून खडू... नव्हे, पेन्सिल गळून पडली.

कधी ती स्वतःच चुकायची. मग तो तेच वाक्य हळूच बरोबर म्हणायचा. "अरे वा," ती कौतुकानं म्हणायची, "आज चुकून बरोबर आलं!"

घरी मावशी सगळं बघत होती. "भाषा तो शिकतोय, आणि तंद्री तुझी लागते," ती म्हणाली. "बघ, चहा उतू गेला."

निकाल लागला. ती पास झाली, तेही वरच्या श्रेणीत. तिला खरंच वाटेना. आनंद व्हायच्या आधी तिच्या मनात आलं ते एवढंच... त्याचं काय? केंद्राच्या साहेबांना भेटून सांगायचं की चूक माझी होती, त्याची परीक्षा पुन्हा घ्या. तशीच तडक ती केंद्रात गेली.

आतून नव्या भाषेत कुणीतरी बोलत होतं. झुळझुळ, बिनचूक, मध्येच चिमटे काढत, आणि परीक्षक पोट धरून हसत होते. किती गोड बोलतं हे माणूस, असं म्हणत तिनं आत डोकावलं.

तो होता!

तिनं डोळे मिटले, उघडले. तोच.

"त्यांना शोधताय?" खिडकीतल्या लेखनिक बाईंनी विचारलं. "उमेदवारांची संख्या विषम आली की एकाला जोडी उरत नाही. मग आमचा एखादा शिक्षक उमेदवार म्हणून बसतो. मुद्दाम अडखळायचं, चाचपडायचं. आम्ही त्यांना उसना जोडीदार म्हणतो. यांच्यासारखं झकास कुणी अडखळत नाही हो! पण मध्येच ते काम सोडलं त्यांनी. का, विचारलं तर म्हणे, रविवारी शिकवणी लावलीय. याच भाषेची! आम्हाला वाटलं, डोकं फिरलं."

ती बाहेर पडली. कान तापले होते. मी याला 'दिवा' शिकवला... मी!

"बाई! अहो, थांबा!"

"बाई म्हणू नका मला." ती पायरीवर गर्रकन वळली. "मजा आली ना? घरी जाऊन हसत असाल."

"निकालापर्यंत सांगायची बंदी होती."

"आणि वाचनालयात यायची?"

"तीही होती. उसन्या जोडीदारानं उमेदवाराला बाहेर भेटायचं नसतं. म्हणून तर पहिल्या रविवारच्या आधीच ते काम सोडलं. बंदी मोडायची नव्हती... आणि यायचं तर होतंच."

"तुमचं अडखळणं खोटं, घाम खोटा. मग खरं काय होतं?"

"खुर्च्या," तो म्हणाला. "दोन."

तिचा राग जरा डळमळला. पण तिनं हातांची घडी घातली. "नीट सांगा. त्या भाषेत नको, तिच्यात तुम्ही पट्टीचे नट आहात. आपल्या भाषेत."

"मी... म्हणजे तुम्ही... रविवार संपला की... ते हे... कसं सांगू..."

तो अडकला. त्याला हवा असलेला शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. इतके रविवार ती असा शब्द लगेच पुरवत आली होती. आज मात्र तिनं ओठ घट्ट मिटले आणि वाट पाहिली. एक सायकल गेली. वर कुणीतरी खिडकी लावली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "फार."

ती पायरीवर मटकन बसली. मग थोडं सरकून शेजारी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पाय थरथरताहेत तुझे."

त्यानं खाली पाहिलं. या वेळी ते खरंच थरथरत होते.