लाल विमानाची खिडकी

ईस्टरच्या सोमवारी धर्ममातेनं मुलाला मोना द्यायचा. केकच तो, पण वय जितकं तितकी त्यावर चॉकलेटची अंडी, आणि खायचा घराबाहेर, उघड्यावर. म्हणून आम्ही तिबिदाबो डोंगरावरच्या पाळण्यांच्या बागेत, चर्चखालच्या बाकावर बसलो होतो. खाली बार्सिलोना, त्यापलीकडे धुरकट समुद्र.

"सहाच?" मी विचारलं.

"अगं बाई!" रोझेरमावशीनं कपाळावर हात मारला. माझ्या बायकोची मावशी, माझ्या मुलीची, आर्लेतची धर्ममाता. "दुकानात मागच्या वर्षीचाच आकडा सांगितला मी."

"मावशी, पोरं वाढतात. तू तेवढी आहेस तिथेच."

"गप रे. अंडं कमी म्हणून वय कमी होतंय का तिचं?"

आर्लेत बोलली नाही. डिसेंबरात तिच्या आईला दफन केलं, तेव्हापासून ती कुणाशीच बोलली नव्हती. डॉक्टर म्हणत, वाट बघा. मला एक शब्द हवा होता. कुठलाही.

मला उंचीवर चक्कर येते. लोखंडी दांड्याला टांगून कड्याबाहेर गोल फिरणाऱ्या जुन्या लाल विमानात त्या दोघी चढल्या, मी कठड्याशी उभा राहिलो. गेल्या वर्षी मी इथेच होतो. आत आर्लेत आणि तिची आई. आमच्या घरची रीत अशी, की खाली राहील त्यानं प्रत्येक फेरीला हात करायचा.

विमान आलं.

खिडकीत आर्लेत. मी हात केला. तिनंही केला.

विमान शहरावर गेलं.

आलं. तिचे ओठ हलत होते. बोलत होती ती!

"आर्लेत!"

शेजारचे आजोबा हसले. "अहो, काचेतून ऐकू जाणार आहे का तिला?"

गेलं.

मागच्या दरीतून ढग वर आला. ओल्या लोखंडाचा वास.

आलं. ती खळखळून हसत होती. पुढचे सगळे दात दिसत होते.

गेलं.

आर्लेतचे पुढचे दोन तर गेल्याच महिन्यात पडले होते.

दोघी उतरल्या. आर्लेतचे डोळे झोपेनं जड.

"काय बोलली ती, मावशी?"

"कुठली बोलतेय! चढल्या चढल्या माझ्या मांडीवर आडवी झाली, ती आत्ता उठली."

"खिडकीत—"

"खिडकीत माझी पर्स होती, फेर्रान."

विमान पुन्हा सुटलं.

आलं.

खिडकीत ती. आता हसत नव्हती. तळहात काचेला चिकटलेले. ओठांवरचा शब्द मला वाचता आला.

बाबा.

माझा हात आपोआप वर गेला.

कुणीतरी तो धरून खाली ओढला.

"बाबा," आर्लेत म्हणाली, "तिला हात करू नकोस."

आवाज तिचाच, जरा घोगरा.

मावशी रडली, हसली, तिचे मुके घेत सुटली.

डोंगर उतरणाऱ्या छोट्या रेल्वेत आर्लेत माझ्यासमोर बसून अखंड बोलत होती. शाळा, मांजर, काहीही. मी डोंगराकडे पाठ करून बसलो होतो. तिनंच मला तसं बसवलं होतं. आणि बोलता बोलता, माझ्या खांद्यावरून मागे बघत, ती मधूनमधून मान हलवून कुणाला तरी नाही म्हणत होती.