नॉर्वेची रंगीत तालीम

काचेच्या पेटीतला उंदीर निळ्या दारापाशी थबकला, मागे फिरला आणि पिवळ्या दाराने आत गेला.

"हा धडा तो पिल्लू असताना शिकला होता," डॉ. यास्मिन तांबोळी म्हणाल्या. "आता म्हातारा झालाय. याच्या भावंडांना यातलं काहीही आठवत नाही."

पराग बर्वे पेटीकडे बघत राहिला. तो पूल बांधणारा इंजिनिअर. मेंदूतलं त्याला फारसं कळत नसे. कळत होतं ते त्याच्या बायकोला. शाल्मली शेजारच्या उंच स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. ही प्रयोगशाळा तिची आणि यास्मिनची. रक्ताच्या कर्करोगाचं निदान होईपर्यंत हा उंदीर तीच सांभाळत होती.

"अगदी लहानपणचं आपल्याला का आठवत नाही?" यास्मिन म्हणाल्या. "मूल लक्षात ठेवत नाही म्हणून नव्हे. त्या वयात मेंदूच्या स्मृतिकेंद्रात नव्या पेशी भराभर उगवत असतात. रान वाढलं की जुनी पायवाट बुजते, तसं होतं. आमचं स्मृतिधारक औषध ही वाढ महिनाभर थोपवून धरतं. त्या महिन्याला आम्ही धारणकाळ म्हणतो. त्यात जे घडेल ते कायमचं राहतं."

"आणि पुन्हा द्यायचं झालं तर?"

"पुन्हा नाही. वाढ दुसऱ्यांदा अडवली तर मूल शिकण्यातच मागे पडेल." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आणखी एक. काय झालं, कुठे झालं, कोण होतं, एवढंच या पेशी धरून ठेवतात. ते खरं होतं की खेळ, हे भान कपाळामागच्या भागाचं. या वयात तो कच्चा असतो, आणि आमचं औषध तिथे पोचत नाही. त्या महिन्यात मुलांना वाघाची गोष्ट रंगवून सांगितलीस, तर मोठेपणी त्यांनी वाघ पाहिलेला असेल."

"म्हणजे त्या महिन्यात तू गायचं नाहीस," शाल्मली नवऱ्याला म्हणाली.

इरा साडेतीन वर्षांची होती आणि ओजस दोन. आपण गेल्यावर या दोघांना आपली आठवणसुद्धा राहणार नाही, ही एकच गोष्ट शाल्मलीला सोसत नव्हती. बाकी सगळं तिने शांतपणे मान्य केलं होतं. मुलांना स्मृतिधारक द्यायला नीतिसमितीची परवानगी मिळाली, तेव्हा तिने ठरवलं की धारणकाळात मुलांना नॉर्वेला न्यायचं. इराला देवमासा बघायचा होता.

"घरातली आई रोजचीच असते," ती म्हणाली. "समुद्रावर, बोटीत, त्यांना मांडीवर घेऊन बसलेली आई दिसली पाहिजे."

मग घरात तयारीची धांदल उडाली. पासपोर्टच्या फोटोला ओजस डोळे मिटून घ्यायचा. फोटोवाल्याने टाळ्या वाजवल्या, खुळखुळा हलवला, शेवटी शाल्मलीने खोटी शिंक काढली तेव्हा त्याने डोळे उघडले. लोकरीच्या टोप्या आल्या. मेतकुटाच्या पुड्या बांधल्या. विमान चढताना कान दुखतात म्हणून चघळायला खडीसाखर. परक्या जागी मुलं बावरू नयेत म्हणून शाल्मलीने जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावून विमानाची तालीमही सुरू केली. ती प्रयोगसुद्धा असेच करायची, आधी दहादा कोरडा सराव.

मुलांना आमरसातून औषध दिलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या. विमानप्रवास बंद, डॉक्टरांनी बजावलं. घरातही तोंडावर मास्क.

धारणकाळ मात्र सुरू झाला होता. तो आता थांबवता येत नव्हता.

"राहू दे नॉर्वे," पराग म्हणाला. "तू नुसती त्यांच्याजवळ बस. तेवढंच पुरे."

"कशी दिसेन मी त्यांना? अंथरुणात, सुई टोचलेली? जन्मभर?" तिने खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं. "यास्मिन काय म्हणाली आठवतं? खेळ की खरं, हे त्यांना कळणार नाही. आपण इथेच जाऊ नॉर्वेला."

"मी काय करू?"

"तू बाप म्हणून बस. बाकी सगळं मी करते. तुला साधं खोटं हसताही येत नाही."

टेबलाखाली रंगीत खडूंनी देवमासा काढत बसलेली इरा फिदीफिदी हसली.

शाल्मलीने काही म्हणता काही सोडलं नाही. पासपोर्ट तपासणारी बाई ती, विमानात खाऊ देणारी ती, किनाऱ्यावर गरम सूप विकणारी ती, बोटीची कप्तानही तीच. केस गेलेल्या डोक्यावर दर वेळी वेगळी टोपी, तोंडावर मास्क.

"कुणाकुणाबरोबर निघालात?" पासपोर्टवाल्या बाईने विचारलं.

"बाबा आणि ओजस."

"आणि आई?"

इराने कपाळाला आठी घातली. खेळातले नियम ती फार कडक पाळायची. "आई घरी आहे. तिला बरं नाहीये. तू आई नाहीस, तू काकू आहेस."

"बरं बाई, काकू तर काकू," शाल्मली म्हणाली आणि कापलेल्या बटाट्याचा शिक्का इराच्या वहीवर उमटवला. परागला हसू आलं. ओजसने आपल्या हातावरही शिक्का मारून घेतला.

मुलांच्या पलंगाची बोट झाली. कप्तानाने दुर्बीण लावली, आलेच हं म्हणून ती खाली उतरली, आणि थोड्या वेळाने जमिनीवरच्या करड्या घोंगडीखालून पाण्याचा फवारा उडाला. ओजस परागच्या गळ्याला बिलगला. इराने बोटीतून वाकून देवमाशाच्या पाठीला हात लावला.

"गरम आहे," ती कुजबुजली.

"देवमासे गरमच असतात," देवमासा म्हणाला.

बोट किनाऱ्याला लागली. कप्तानाने एकेकाला हात धरून उतरवलं. मग ती आपल्या खोलीत निघून गेली, आणि मुलं धावत मागे गेली तर तिथे पलंगावर आई होती.

"आई, आम्ही नॉर्वेला जाऊन आलो!" इरा म्हणाली. "तू का नाही आलीस?"

दिवाळीच्या आधी शाल्मली गेली.

वर्षं सरली. पराग मुलांशी नॉर्वेबद्दल फारसं बोलत नसे. आठवण शाल्मलीने एवढ्या कष्टाने बांधली होती. ती आपल्या एका शब्दाने ढासळू नये, असं त्याला वाटे. इराही तो विषय निघाला की उठून जाई. आईच्या आठवणीने जात असेल, असं तो समजत आला.

इरा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने तिकिटांची चौकशी केली आणि जेवताना म्हणाला, "पुन्हा एकदा नॉर्वेला जाऊ या का? तिघं?"

"मी येणार नाही," इरा म्हणाली. "एकदा गेलो तेवढं पुरे."

"का गं?"

तिने ताट बाजूला सारलं. "बाबा, ती इतकी आजारी होती. तिला घरी एकटीला टाकून तू आम्हाला फिरायला नेलंस. इतकी वर्षं मी विचारलं नाही. आता विचारते. कसं जमलं तुला?"

परागला आधी काही समजलंच नाही. मग पासपोर्टवाली बाई, सूपवाली, कप्तान, सगळ्या एकदम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात कुठेच नसलेली शाल्मली. मुलांच्या जन्मभराच्या आठवणीत तिने स्वतःसाठी एकही खुर्ची ठेवली नव्हती. त्याच्यासाठी ठेवली होती.

त्याने सगळं सांगितलं. इरा मधूनमधून विचारत होती.

"ती कप्तान?"

"आई."

"सूप देणारी?"

"तीही."

"देवमासा गरम असतो," ओजस हळूच म्हणाला. त्याच्यापाशी त्या महिन्यातलं तेवढंच होतं. "मी वर्गात भांडलोय त्यावरून."

"ताप होता तिला," पराग म्हणाला.

इराने डोळे मिटले. "पटतंय मला. पण दिसत नाही. मास्क लावलेली कुणीतरी बाईच दिसते. तू म्हणतोस ते कळतं, आणि ती बाई बाईच राहते." तिने डोळे उघडले. "बोटीतून उतरताना तिने माझा हात सोडलाच नाही. अनोळखी बाई का सोडत नाही, म्हणून मी घाबरले. ती भीती अजून तशीच आहे. मी हात ओढून घेतला होता, बाबा."

परागने तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"तिला कळलं होतं का? की आम्हाला ती कशी आठवणार ते?"

त्याला बोटीच्या दिवसाची ती संध्याकाळ आठवली. शाल्मली कप्तानाची टोपी मांडीवर घेऊन बसली होती. उद्यापासून खेळ बंद, ती म्हणाली होती. उद्यापासून मी नुसती जवळ बसेन. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला इस्पितळात हलवावं लागलं होतं, आणि तिथे लहान मुलांना सोडत नसत.

"नाही," पराग म्हणाला. "ती त्या दिवशी फार खूश होती." आणि तो हसला.

इरा त्याच्याकडे पाहत राहिली.

"तुला साधं खोटं हसताही येत नाही," ती म्हणाली.

शब्द तिचे नव्हते. शेवटच्या शब्दावर आवाज किंचित खाली आणायची ती ढबही तिची नव्हती. पराग टेबलाची कड धरून बसला, आणि ओजसने मान वर करून विचारलं, "हे कोण असं म्हणायचं?"