अळूलेप

सुलभा खरमाटेने ओली घडी चौथ्यांदा लेकीच्या कपाळावर ठेवली आणि चौथ्यांदा पाण्याचे मणी उशीवर घरंगळले. सात वर्षांच्या तनयाचं कपाळ कोरडं ठणठणीत. ताप एकशे चार. औषधाचे दोन डोस देऊन झाले होते आणि दवाखान्याची गाडी यायला अजून दोन तास होते.

"अहो, नुसते उभे काय राहिलात? तुमचाच ना हा उपद्व्याप?" ती डॉ. टिपणिसांवर खेकसली. वरच्या मजल्यावरच्या या शास्त्रज्ञाला तिने भरदुपारी जेवणावरून उठवून आणलं होतं.

उपद्व्याप म्हणजे अळूलेप. शहराला पाणी पुरेना, तेव्हा टिपणिसांनी शोधलेला. गेली नऊ वर्षं बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगे आणि लगेच नर्स त्याच्या अंगावर लेप फवारी. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यातून पृष्ठताण येतो. साधी कातडीही त्यांना आपल्याकडे ओढते, म्हणून अंग भिजतं. लेपाने कातडीची ही ओढच संपवली. अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी मळ घेऊन निघून जाई. आंघोळीला एक पेला पुरे! मग काय, सत्कारांवर सत्कार.

"पण घडी तर ओली आहे ना?" सुलभाने विचारलं.

"आहे. धाग्यांमधल्या बारीक फटी पाणी ओढून धरतात, त्याला केशाकर्षण म्हणतात. पण लेपामुळे घडीखाली हवेचा पातळ थर राहतो, गारवा कातडीला पोचत नाही. शिवाय घाम..." टिपणीस अडखळले. "घाम अंगावर वाळला तरच अंग गार होतं. हिचा आधीच गळून जातो."

"आणि हे तुम्हाला आज कळतंय?"

"आम्ही निरोगी बाळांवर तपासलं होतं."

"धन्य आहे तुमची! मुलं आजारी पडतात हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं?"

टिपणिसांनी खिशातून बाटली काढली. "याने लेप उतरतो. पण तो फक्त तान्ह्या कातडीवर बसतो, पुन्हा लावता येणार नाही. हिला जन्मभर आंघोळीला बादलीभर पाणी लागेल, आणि मुलांच्या वाटणीला पेलाच येतो."

"माझ्या वाटणीचं देईन. आणा ती इकडे."

बाटलीतल्या द्रवाने तिने लेकीचं कपाळ, गाल, मान, पाठ पुसून काढली. घडी ठेवली. या वेळी पाणी थांबलं. कातडी ओली चमकली, आणि सुलभाला हायसं वाटलं.

तेवढ्यात तनया किंचाळली. "आई, काढ! काहीतरी चिकटलंय! जात नाहीये!" ती कपाळ ओरबाडू लागली.

"अगं राणी, पाणी आहे नुसतं."

"पाणी असं नसतं!"

सात वर्षांत पाणी तिच्या अंगावर कधी टिकलंच नव्हतं. सुलभाने तिचे दोन्ही हात दाबून धरले आणि टिपणीस घड्या बदलत राहिले. एकशे तीन. एकशे दोन. पोर तासभर रडत होती.

ताप शंभरावर आला तेव्हा सुलभाने हात सोडले आणि लेकीच्या गालावर गाल टेकला. सुलभाचे डोळे वाहत होते. तनया झटक्यात भिंतीपर्यंत सरकली.

"काका," ती टिपणिसांना म्हणाली, "आईला बाहेर न्या ना. ती ओली आहे."