बिनवजनाचं नाणं

सन एकतीसच्या हिवाळ्यात, दिवेआगरच्या आमच्या वाडीतला पाट उपसताना माझ्या फावड्याला सोन्याचं नाणं लागलं. एका बाजूला झिजलेली अक्षरं, दुसरी बाजू साफ कोरी. चिखल पुसून तळहातावर घेतलं, तर गार आणि चांगलं जड होतं.

मला पहिली आठवली ती नलू. माझी मुलगी तापातून उठली ती डावा पाय ओढतच. मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, काही महिने इथं ठेवा, पाय सरळ करू. ते महिने मला झेपणारे नव्हते. आता झेपतील, असं वाटलं. त्या साली सोन्याचा भाव चढला होता. घरोघरच्या पाटल्या मुंबईच्या वाटेला लागल्या होत्या.

श्रीवर्धनला बाबाजी सोनाराकडे गेलो. त्यानं नाणं कसोटीवर घासलं. "चोख आहे," म्हणाला. मग काट्यात टाकलं आणि समोर तोळ्याचं वजन ठेवलं. काटा समतोल. मी खूश झालो. बाबाजीच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्यानं तोळा उचलून तिथं एक गुंज ठेवली. काटा समतोल. गुंजही काढली. एका पारड्यात नाणं, दुसरं रिकामं. तरीही काटा जागचा हलेना.

"काटा बिघडला असेल," मी म्हणालो.

त्यानं बायकोची नथ वजन करून पाहिली. काटा ठीक होता.

"अहो, मग अंदाजानं तरी भाव सांगा!"

"अंदाजानं माती घेतात, चांगदेव. हे घरी न्या." नाणं त्यानं हातानं दिलं नाही, पारडंच माझ्यापुढे धरलं.

मी चिडलो. गावच्या सोनाराला काय कळतंय, म्हणून आगबोटीनं मुंबई गाठली. झवेरी बाजारात एका सराफाकडे काचेच्या पेटीतला काटा होता. वाऱ्याची झुळूकसुद्धा लागायची नाही त्याला. सराफानं वजनं चढवली, उतरवली, रुमालानं घाम पुसला.

"सोनं तर चोख छे. पण वजनच नाय, तो भाव केम आपुं?"

मी पुढची पेढी गाठली, मग त्यापुढची. कुणी हसलं, कुणी मला जादूगार म्हणालं, एकानं दुकानाबाहेर काढलं. परतीच्या बोटीत नाणं मुठीत आवळून बसलो होतो. ते इतकं जड लागत होतं की मनगट दुखायला लागलं. समुद्रात भिरकावून द्यावं, असं दहादा मनात आलं. पण नलूचा पाय डोळ्यांपुढून हलत नव्हता.

बोर्लीला सिराजुद्दीनशेटची वखार होती. आमची सुपारी तेच घ्यायचे. सुपारीची गाडी घेऊन गेलो, तेव्हा नलू हट्टानं बरोबर आली होती. शेटना मी सगळी हकिकत सांगितली.

ते खो खो हसले. "सोनाराचे काटे म्हणजे नखरेल बाया! आपला काटा मणाचा आहे. आण इकडे."

वखारीतला काटा तुळईला साखळीनं टांगलेला, लाकडी पारड्यांचा. शेटनी एकात नाणं ठेवलं, दुसऱ्यात पाच शेराचं वजन. समतोल. हसू थांबलं. त्यांनी अख्खं पोतं चढवलं. तुळई करकरली, पण पारडी एकाच रेषेत राहिली.

"या अल्ला," ते पुटपुटले आणि पोतं खाली घेतलं.

माझं डोकं फिरलं. रिकाम्या पारड्यावर दोन्ही हात टेकून मी अंगाचा सगळा भार टाकला. ते तसूभरही दबलं नाही. खांबाला लाथ मारून मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

"मला पण मोजा ना!"

वळलो, तोवर नलू पारड्यात चढून बसली होती.

नाण्याचं पारडं धाडकन जमिनीवर आपटलं.

नलू वर गेली. साखळ्या धरून, खिदळत, पार दांडीपर्यंत.

"उतरव तिला," शेट म्हणाले. मग ओरडले, "आधी उतरव!"

मी साखळी ओढली. नलू आपली आपण खाली सरकली.

शेटनी बऱ्याच वेळानं नाणं उचललं आणि केशर तोलायच्या छोट्या काट्यात टाकलं. पारडं खाली गेलं. वजनं टाकली तशी दोन्ही पारडी बरोबरीला आली. तोळ्याला थोडं कमी भरलं.

काटा नीट बोलला होता. शेटनी भाव सांगितला. माझ्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त. नाणं त्यांनी ठेवून घेतलं, पण पैसे मोजताना त्यांनी एकदाही नलूकडे पाहिलं नाही. मला त्याचा राग आला. परत येताना मी गाणी म्हणत बैल हाकले. घराशी नलूनं गाडीतून टुणकन उडी मारली, तेव्हाही मला कौतुकच वाटलं.

सकाळी मुंबईची तयारी चालली होती. मी अंगणापलीकडे गाडी जुंपत होतो. नीरा, माझी बायको, अंगण सारवून नुकतीच उठली होती. नलू ओसरीवरून उतरली आणि पाय ओढत माझ्याकडे यायला लागली.

"नलू, थांब! ओलं हाय गं अजून!"

नलू ऐकते कसली. सगळं अंगण ओलांडून आली आणि माझा हात धरला.

नीरा हातातला शेणाचा गोळा तसाच धरून खाली बघत राहिली.

मीही पाहिलं. ओल्या सारवणावर आडवी गेलेल्या एका कोंबडीची पावलं उमटली होती, बोट न् बोट स्पष्ट. बाकीचं अंगण गुळगुळीत होतं.