मगर, मासा आणि मोतीबिंदू

प्रेमाचं मोल पैशात होत नाही. आमच्या दवाखान्यात मोतीबिंदूचंही होत नाही. तिथे विटा घेतात.

लॉजवरच्या चादरी धुऊन लुबुतो दुपारी तिथे पोचली, तेव्हा तिचं मन केव्हाच घरी जाऊन झोपलं होतं. आईच्या ऑपरेशनसाठी विटा पाडायच्या होत्या. डोळ्यांचे डॉक्टर शुक्रवारी शहरातून येणार. तोवर वाटणीच्या विटा झाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी वर्षभर आईला चूल चटका बसल्यावरच सापडणार.

विटांच्या खड्ड्यात इतर रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर एक उंच तरुण चिखल तुडवत होता. वडिलांच्या हर्नियासाठी.

"कूळ कुठलं?" त्याने विचारलं.

"मगर."

"वाटलंच! मी कासोंडे, मासा कुळाचा. ये बायको, उतर चिखलात. तुझंच माहेर आहे."

मगर आणि मासा या कुळांचं नातं थट्टेचं. एकमेकांना बायको म्हणावं, चोर म्हणावं, मयतातसुद्धा टोमणे मारावेत. रागावला तो अडाणी.

"माशाला बायको कशाला?" लुबुतो साचा उचलत म्हणाली. "मीठ लावून वाळवला की झालं."

व्हरांड्यात सिस्टर कातोंगो खो खो हसल्या.

मग रोज तेच. तो टोमणा मारी, ती परतवी... आणि मधेच दोघांची नजर चिखलावरून उगाच वर येई. फार वर नाही. मान दुखत असे.

बुधवारी ती साच्याशेजारी बसल्या बसल्या झोपली. जागी झाली, तर तिच्या विटांची रांग बरीच लांबली होती आणि कासोंडे कोपरांपर्यंत राखाडी झाला होता.

"माझ्या विटा कशाला पाडल्यास?"

"तू घोरत होतीस. चिखलातले बेडूक पळाले, मला एकट्याला करमेना." तो थांबला. "खरं सांगू? मला तू... आवडतेस."

"सगळे मासे हेच म्हणतात."

"अगं, खरंच—"

"ऐकलंत का?" सिस्टर ओरडल्या. "माशाला आता प्रेमही झालंय!"

सगळा खड्डा हसला. कासोंडेही हसला; नात्याने बंधनकारक होतं. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

गुरुवारी तो धुतलेला शर्ट घालून आला. खड्ड्यात उतरलाच नाही. लुबुतोसमोर उकिडवा बसला, नजर खाली घातली आणि ओंजळीचे हात हळूच वाजवले—सासुरवाडीच्या माणसांना नमस्कार करतात, तसे. थट्टेच्या नात्यात असं कुणी करत नाही.

फावडी थांबली.

"बा लुबुतो," तो नावाआधी आदराचं 'बा' लावून म्हणाला, "आज मला टोमणा सुचत नाहीये."

"ऊठ ना... लोक बघताहेत."

"बघू देत. चिखलाने नाही दमलो मी. थट्टा करून करून दमलो."

तिच्या जिभेवर माशाच्या कालवणाबद्दल एक छान वाक्य आलं होतं. तिने ते गिळलं. त्याच्यासमोर बसली, मान खाली घातली आणि भेगाळलेल्या हातांची ओंजळ वाजवली. एकदा... मग पुन्हा.

सिस्टर कातोंगो व्हरांड्यातून आत गेल्या.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आईने कासोंडेला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि "चालेल," म्हणाली.

ऑपरेशन एकाच डोळ्याचं होतं. दुसऱ्याला तेवढ्याच विटा लागतात.