कापसाच्या ढिगावरची अक्षरं

उन्हाळी सुट्टी संपली. शिपाई फुलचंदनं दालनाचं कुलूप काढलं आणि दारातच थबकला. समोरच्या चित्रातल्या कापसाच्या ढिगावर हातभर लांब पिवळी अक्षरं होती : ‘इम्तियाजनं काढलं. सरांनी चोरलं.’

तासाभरात उपनिरीक्षक भैरवी यवतमाळच्या त्या खासगी चित्रकला महाविद्यालयात पोचली. प्राचार्य यज्ञेश्वर घाम पुसत उभे होते. उद्या दालनाचं उद्घाटन आणि त्यांचा सत्कार होता. पाश्चात्त्य कलेच्या चार शैली, चार चित्रं, विषय एकच : दिग्रसचा कापूसबाजार. रेनेसाँमधला बाजार रेषेत मोजून बसवलेला, बरोकमधला काळोखातून उजळलेला, क्युबिझममधला तुकड्यातुकड्यांचा. बिघडलेलं चित्र इम्प्रेशनिझमचं, नुसत्या उन्हाचं. चारही चित्रांच्या कोपऱ्यांत सही यज्ञेश्वरांची.

“कुलूप कोणी लावलं होतं?” भैरवीनं विचारलं.

“म्याच, मॅडम. एप्रिलात, चित्रं लावून झाल्यावर,” फुलचंद म्हणाला. “चावी माह्या कमरेलेच होती. दाराले जाळं लागलं होतं, ते आज तोडलं.”

खिडक्यांचे गज शाबूत होते. पडदे अजून यायचे होते.

“आरिफाला अटक करा,” यज्ञेश्वर म्हणाले. “फ्रेम तिनंच बसवल्या. ती इम्तियाजची बहीण आहे, हे मला आज कळलं. मूळ ढीग पिवळ्या उन्हातला होता. तिनं पांढरा रंग फासून त्यावर हे लिहिलं.”

“इम्तियाज कोण?”

“माझा विद्यार्थी. माझी चित्रं स्वतःची म्हणून सांगायचा, म्हणून काढून टाकला. पुढे जाहिरातीची भिंत रंगवताना परांचीवरून पडून वारला.”

“त्याला काढलं तेव्हापासून चित्रं कुठं होती?”

“सात वर्षं भांडारात, कापडात गुंडाळलेली. व्हार्निशचा हात मीच दिला, मीच बांधली. त्यानंतर व्हार्निश कुणीही दिलेलं नाही.”

“हे तक्रारीत लिहा.”

त्यांनी लगेच लिहून दिलं. भैरवीनं टॉर्च तिरपा धरला. व्हार्निशला जुन्या, केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या अक्षरांवरूनही अखंड गेल्या होत्या.

आरिफा आली. चुलीवर ठेवलेल्या पाण्याकडं बघावं, तशी ती प्राचार्यांकडं बघत होती.

“हे चित्र या भिंतीवर लावायला कोणी सांगितलं?” भैरवीनं तिला विचारलं.

“म्या.”

“का?”

“इथं पश्चिमेचं ऊन येते. उन्हाचं चित्र उन्हातच शोभते, मॅडम.”

भैरवीनं चित्र उतरवून फ्रेम काढायला लावली. फ्रेमखाली झाकलेली ढिगाची बोटभर पट्टी अजून पिवळीच होती. तिनं फुलचंदकडून तंबाखूचा चुना मागितला. पट्टीच्या कडेचं व्हार्निश नखानं खरवडलं, ओला चुना चोळला. पिवळा रंग कुंकवासारखा लाल झाला.

“हळद,” ती म्हणाली. “सर, या दालनात कोणीच शिरलं नाही. इम्तियाजनं ढीग पांढरा काढला, त्यावर टिकाऊ पिवळ्या रंगात ही दोन वाक्यं लिहिली आणि भोवती हळदीचा हात दिला. पिवळ्यात पिवळं लपलं. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे धुणं वाळत घालणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दोन महिन्यांच्या उन्हानं हळद नेली, अक्षरं ठेवली.”

“हे सगळं तिनंच केलं असेल.”

“अक्षरं व्हार्निशच्या खाली आहेत. ते व्हार्निश सात वर्षांपूर्वी तुम्ही दिलं, हे तुम्हीच लिहून दिलंय. चित्र तुमचं असतं, तर त्यात हे कोणी लिहिलं असतं? तुम्ही त्याच्याकडून चोरलेल्या चित्रावर सही केली, आणि त्याची साक्ष तुमच्याच हातानं बंद करून जपली.”

यज्ञेश्वर खुर्चीत बसले.

“नापास करीन म्हनले होते भाईले,” आरिफा म्हणाली. “चित्रावर मले सही करू दे, नाहीतर तुह्यं वर्ष गेलं. भाईनं दोन दिवस मागून घेतले, शेवटचा हात फिरवतो म्हने. त्याच दोन दिवसात हे केलं. मंग कालेजातून काढलं, चोर म्हनून. दवाखान्यात मरता मरता मले म्हने, आरिफा, माहं चित्र एकदा उन्हाले लाव. पाच वर्सं वाट पाह्यली म्या. फ्रेमचं काम निम्म्या भावात घेतलं, तेवढ्याचसाठी.”

“फुलचंद, ते चित्र आत ठेव,” यज्ञेश्वर पुटपुटले. “मी तक्रार मागे घेतो.”

“तक्रार तुम्हीच दिलीय. आता चित्र पुरावा आहे,” भैरवी म्हणाली. “ते भिंतीवर जाईल आणि माझा हवालदार दाराशी बसेल. पंचनामा पुरा होईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही.”

“उद्या पाहुणे यायचे आहेत.”

“येऊ द्या.”

फुलचंदनं न विचारताच चित्र परत खिळ्याला लावलं. सत्कारासाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी पहिल्या रांगेतल्या दोन आरिफानं बाजूला ओढल्या आणि एकीवर आपली ओढणी ठेवली.

“उद्या अम्मीले घेऊन येते,” ती यज्ञेश्वरांना म्हणाली. “तिले वाचता येत नाही. तुमीच वाचून दाखवा.”