उदयला सांगणार नाही

गुरुवार होता, अकरा डिसेंबर दोन हजार पंचवीस. रात्रीचे सव्वाआठ. उदय आपटे कोलकात्यातल्या बेहाल्याहून बालीगंजला आला, तो एका फोटोसाठी.

दुसऱ्या दिवशी सलीलचं तेरावं होतं. सलीलची बायको कालिंदी, तिने सकाळी फोन केला होता. "भावोजी, घरात एकही फोटो धड नाही हो. सगळ्यांत हे तोंड वेडंवाकडं करून उभे. मंडळाच्या खोलीत पिकनिकचा एक आहे, त्यात जरा माणसासारखे दिसतात. तेवढा आणाल?"

"आणतो, वहिनी," उदय म्हणाला. आपल्या मराठी मंडळाच्या त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक सलीलकडे असायची, एक उदयकडे.

तुम्ही मुलं सलीलला ओळखता ते गणपतीत ढोल बडवणारे, पोट सुटलेले काका म्हणून. तरुणपणी तो कसा होता ते तुम्हाला काय माहीत. सरकारी बँकेत तो आणि उदय एकाच वर्षी लागले, एकाच वर्षी कोलकात्याला बदलून आले. उदय सांगलीचा, मुखदुर्बळ. सलीलला मात्र गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. मासळीवाल्याशी असलं बंगाली बोलायचा की तो बिचारा हसता हसता तराजू खाली ठेवायचा. बंगाल्यांचा लाडका इलिश मासा आणून त्यात कोकम घालायचा आणि शेजारच्या घोषबाबूंना बळेच वाढायचा. घोषबाबूंच्या घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखी शांतता. बायकोवर जीव, लेकीवर जीव. नूपुर दहा वर्षांची होईतो तिला खांद्यावर घेऊन हिंडला. त्याच्या घरी कुणी एकटं जेवायचं नाही असा नियमच होता. असा माणूस गेला की लोक म्हणतात, देवमाणूस गेला. म्हणोत.

आता दहाव्याचं ऐका. आपल्यात दहाव्या दिवशी पिंड ठेवतात, आणि कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात. नाही शिवला तर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं समजायचं. मग ज्याला जे सुचेल ते त्याने कबूल करायचं. मुलीचं लग्न करून देऊ, घर विकणार नाही, असं काहीबाही.

मंगळवारी गंगेच्या घाटावर हेच चाललं होतं. भिंतीवर सहा-सात कावळे बसले होते. पिंडाकडे बघत होते आणि जागचे हलत नव्हते. नूपुर म्हणाली, बाबा, आईला एकटं ठेवणार नाही. नाही शिवला. कालिंदीवहिनी म्हणाल्या, अहो, मी रडत बसणार नाही, जा तुम्ही. नाही. उदय म्हणाला, सल्या, गणपती मी चालवीन. तरी नाही. दीड तास झाला. गुरुजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू म्हणाले.

तेव्हा उन्मेष पुढे झाला. उन्मेष त्याच बँकेतला, सलीलच्याच टेबलाशेजारी बसायचा. तो पिंडाजवळ वाकला आणि अगदी हळू बोलला. पण उदय तांब्या घेऊन त्याच्या पाठीशीच उभा होता. त्याला ऐकू आलं.

"सलील, उदयला सांगणार नाही. कधीच नाही. जा तू."

उन्मेष सरळ व्हायच्या आत कावळा खाली उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कालिंदीवहिनी रडल्या. उदय तांब्या धरून तसाच उभा राहिला. घाटावरच त्याने उन्मेषला विचारलं. "अरे, असंच, तोंडाला आलं ते बोललो," उन्मेष म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. उन्मेषने चहा अर्धा टाकला आणि उठून गेला.

शुक्रवारी तेराव्याला सलीलविषयी चार शब्द बोलायचे होते, आणि ते उदयनेच बोलायचे असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. जिवाभावाचा मित्र म्हणून. त्याने कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबला. पस्तीस वर्षांत या माणसाने आपल्यापासून काय लपवलं, ते कळल्याशिवाय तिसरी ओळ होईना.

हे सगळं डोक्यात घेऊन त्याने मंडळाच्या खोलीचं कुलूप काढलं.

तळमजल्यावरची खोली. एक ट्यूबलाइट, एक लोखंडी कपाट, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. फोटो वरच्याच कप्प्यात सापडला. पांढरा सदरा, केस विंचरलेले, खरोखरच माणसासारखा. उदयने एक खुर्ची उघडली, फोटो मांडीवर घेऊन बसला आणि उन्मेषला फोन लावला. नऊ वाजायला दहा मिनिटं होती.

"उन्मेष, शेवटचं विचारतो. काय सांगायचं नाही मला?"

"उदय, मी पिंडासमोर शब्द दिलाय. तो गेला ना आता. कशाला खणत बसतोस?"

"उद्या मला त्याच्यावर बोलायचंय."

"मग बोल की चांगलं. तू कुठे आहेस? मागे एवढे कोण लोक आहेत?"

"मंडळात आहे. एकटाच आहे."

उन्मेषने आवाज खाली आणला.

"मग हसतंय कोण?"

उदयने मान वळवली. खोलीत कोणी नव्हतं. आवाजही नव्हता.

"कोणी हसत नाहीये, उन्मेष."

"अरे, मला ऐकू येतंय. अगदी फोनजवळ. उदय... हा सल्या आहे. बाहेर पड तू. आधी बाहेर पड."

"तू सांग. मग पडतो."

उन्मेषने सांगितलं. घाबरलेला माणूस सांगतो तसं, भराभर. उदयने सांगलीला बदलीसाठी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही अर्ज सलीलच्या टेबलावरून पुढे जायचे होते. एकही गेला नाही. सलीलने ते खालच्या खणात ठेवले आणि दर वेळी स्वतःच येऊन सांगितलं, नामंजूर झाला रे, साहेब ऐकत नाहीत. उन्मेषने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, हा गेला तर मी इथे कुणाशी बोलू.

उदयच्या मांडीवरचा फोटो घसरला. त्याने धरला.

तिसरा अर्ज नामंजूर झाला त्याच हिवाळ्यात सांगलीला त्याची आई गेली. एकटी. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, म्हणून कळलं. आणि सलील? सलील विमानाची तिकिटं काढून त्याच्याबरोबर सांगलीपर्यंत आला होता. तिरडीला पुढचा खांदा दिला होता. उदयपेक्षा जास्त रडला होता. सगळी गल्ली म्हणाली होती, मित्र असावा तर असा.

"उदय," फोनमध्ये उन्मेषचा आवाज अगदी बारीक झाला होता. "थांबलं. हसणं थांबलं."

आणि फोन कट झाला.

ट्यूबलाइट चालू होती. गल्लीतून एक रिक्षा गेली. मग तीही दूर गेली.

समोर एक खुर्ची उघडलेली होती.

उदयने एकच उघडली होती. त्यावर तो बसला होता.

तो खुर्चीकडे बघत राहिला. खुर्चीची कापडी बैठक... खाली दबलेली होती. भरल्या अंगाचा माणूस बसल्यावर दबते तेवढी.

"सल्या," तो म्हणाला.

काही नाही.

"माझ्या आईला खांदा दिलास तू."

काही नाही.

"तीन अर्ज... तीन वेळा मला जेवायला नेलंस. माझी समजूत घातलीस."

बैठक जराशी हलली. जवळ सरकल्यासारखी.

उदय उठला. फोटो काखेत घेतला. पाऊल टाकलं.

डावा हात आला नाही.

मागे कोणी नव्हतं. पण हात येत नव्हता. त्याने ओढला. पुन्हा ओढला. मग ओढायचं सोडलं.

त्याला काय हवंय ते उदयला समजलं होतं. इतक्या वर्षांची ओळख, न बोलता समजायचं ते समजतंच. दोनच शब्द हवे होते. माफ केलं. तेवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता, हाही सुटला असता.

आणि का म्हणावं? मेला म्हणून? मेलेल्याला सगळं सोडून द्यायचं आणि जिवंतांनी खांदा चोळत बसायचं, हा कुठला न्याय. दारामागे एकटी पडलेली त्याची आईच होती. तिची माफी वाटून टाकायला तो कोण?

उदय गप्प राहिला.

समोरचाही गप्प होता. जन्मात पहिल्यांदा.

किती वेळ... ते उदयला सांगता येत नाही. बायकोचे, विजयाचे, चौदा फोन येऊन गेलेले त्याला नंतर दिसले. फोन वाजला मात्र एकदाही नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "सांगलीला जाऊ दिलं नाहीस. निदान घरी तरी जाऊ दे."

बराच वेळ काही झालं नाही.

मग हात आला.

तो बाहेर पडला तेव्हा साडेअकरा वाजले होते. कुलूप लावायला मागे वळला नाही. दुसऱ्या दिवशी उन्मेषने जाऊन लावलं. खोलीत एकच खुर्ची उघडी होती म्हणाला. कुठली, ते त्याने पाहिलं नाही.

तेराव्याला फोटोला हार घातला. उदय उभा राहिला. खिशातला कागद त्याने काढलाच नाही. म्हणाला, "सलील फार प्रेमळ होता. त्याला माणसं सोडवत नसत." आणि बसला. लोकांनी डोळे पुसले, काही जण हसलेही. कालिंदीवहिनींनी हात जोडले. त्यांना त्याने आजवर काही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही.

आता मे महिना चाललाय. या घामाच्या धारांतही उदय पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि डाव्या हाताचं बटण कधी सोडत नाही. विजयाने तीन डॉक्टर केले. कुणी म्हणतं कोड, कुणी म्हणतं रक्त पोचत नाही. मनगटावर चार पांढरे पट्टे वरच्या बाजूने आहेत, एक खालून. हात लावला तर तेवढीच जागा गार लागते. आणि पट्टे आडवे नाहीत, तिरपे आहेत, खालून वर चढलेले. बसलेला माणूस उठणाऱ्याला धरतो ना, तसे.